अस्मानी किती, सुलतानी किती?

(आपत्तींपुढे टिकणारी घरे, गावे आणि शहरे : एक अभ्यास)

आपल्या भाषेने संकटांची एक जुनी वाटणी करून ठेवली आहे. दुष्काळ, अतिवृष्टी, धरणीकंप ही अस्मानी. लढाई, लुटालूट आणि जुलमी वसुली ही सुलतानी. जुन्या महसुली कागदपत्रांत ही जोडी वारंवार भेटते. गावावर अस्मानी-सुलतानी आली म्हणजे रयत साऱ्यात सूट मागे. पुढे सुलतान गेले, पण ही वाटणी आपल्या मनात कायम राहिली. भूकंपात घरे पडली, पुरात शहर बुडाले, की आपण त्याला 'निसर्गाचा कोप' म्हणतो. आणि तो शब्द एकदा उच्चारला की पुढे विचार करण्याची गरजच संपते. आभाळाला जाब कोण विचारणार?

प्रस्तुत लेखात या वाटणीचाच पुनर्विचार करावयाचा आहे. जमीन हादरते ती अस्मानी, हे खरेच. परंतु हादरलेल्या जमिनीवर कोणते घर पडते आणि कोणते उभे राहते, कोणत्या गल्लीतून माणूस बाहेर पडतो आणि कोणत्या गल्लीत गाडला जातो, पावसाचे पाणी कोठून वाहून जाते आणि कोणाच्या घरात शिरते, हे आभाळ ठरवीत नाही. ते गवंडी, घरमालक, नगररचनाकार आणि शासन ठरविते. काही अंशी आपण सारेच ठरवितो. गावे आणि शहरे आपत्तींपुढे टिकतील अशी बांधता येतात काय, या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी येथे तीन घटना घेतल्या आहेत. घराचा विचार करण्यासाठी किल्लारी (१९९३), गावाच्या रचनेसाठी कच्छ (२००१) आणि महानगरासाठी मुंबई (२००५). या तिन्ही ठिकाणी अस्मानीच्या हिशेबात सुलतानीचा वाटा किती होता, हे पाहू.

१. किल्लारीची भिंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास चार मिनिटे कमी असताना, मराठवाड्यात जमीन हादरली. गणेशविसर्जन नुकतेच आटोपले होते. थकलेली माणसे घराघरांत झोपली होती. तेरणा नदीच्या खोऱ्यातील किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे दगावली. काही अंदाज याहूनही मोठे आहेत.

या भूकंपाचे परिमाण ६.२ होते. भूकंपशास्त्राच्या मोजपट्टीवर हा मध्यम-मोठा भूकंप. यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजलिस शहराच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. वेळ तीच, पहाटे साडेचारची. लोक असेच झोपेत होते. परिमाण ६.७, म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा किल्लारीच्या सुमारे साडेपाच पट. वस्ती लक्षावधींची. मृतांची संख्या मात्र शंभराच्या आत राहिली. दोन्ही ठिकाणची भूरचना वेगळी, जमीन वेगळी, हे मान्य करूनही एवढा मोठा फरक केवळ भूगर्भाच्या पदरात टाकता येत नाही. त्या भागातील बहुसंख्य घरे हलक्या लाकडी सांगाड्याची होती आणि त्यांचे भाग एकमेकांना बांधलेले होते. किल्लारीची घरे जड होती आणि बांधलेली नव्हती. येथे 'बांधलेली' हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने घ्यावयाचा आहे.

मराठवाड्यातील जुने घर डोळ्यांसमोर आणले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल. भिंती काळ्या दगडाच्या, दोन ते चार फूट रुंद, कोठे कोठे त्याहूनही जाड. दगड बहुधा न घडविलेले, चिखलात रचलेले. भिंत दिसायला एक, पण खरे पाहता ती दुपदरी: बाहेरून एक दर्शनी पदर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत लहान दगड, कपच्या आणि माती यांची भर. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचे माळवद. हे माळवद गळू लागले की त्यावर आणखी माती पसरायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. त्यामुळे मातीचा थर फूट-दोन फुटांवर जाऊन पोहोचे.

आता साधा हिशेब करू. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशी खोली असेल आणि माळवदाची माती अर्धा मीटर जाड असेल, तर छपरावर सहा घनमीटर माती झाली. एका घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून कमी नसते. म्हणजे झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर किमान नऊ टन ओझे. उन्हाळ्यात हे ओझे घर थंड ठेवी. म्हणून ते अडाणीपणाचे लक्षण होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठवाड्यातील उन्हाला दिलेले ते शहाणपणाचे उत्तर होते. मात्र ते उत्तर केवळ उन्हापुरते होते. भूकंपाने वेगळाच प्रश्न विचारला.

भूकंपात भिंतीला मुख्यतः आडवे हिसके बसतात. दुपदरी भिंतीचे दोन पदर जर आरपार दगडांनी एकमेकांना सांधलेले नसतील, तर ते फुगतात, सुटतात आणि एक आत, एक बाहेर असे कोसळतात. कोपऱ्यात दोन भिंतींची सांधेजोड नसेल, तर त्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडतात. किल्लारीत हेच झाले. पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट ठिकठिकाणी आढळली. भिंती पूर्ण ढासळल्या होत्या, पण आतले लाकडी खांब-तुळयांचे खण अनेक घरांत उभेच होते. ज्या सांगाड्याचे भाग सुताराने खाचा पाडून एकमेकांत बसविले होते, तो टिकला. ज्या दगडांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, ते पडले.

२. दोष दगडाचा की जोडणीचा?

भूकंपानंतर जे घडले ते अभ्यासकाला विचार करावयास लावणारे आहे. ज्यांनी आपली माणसे दगडाखालून काढली, त्यांना दगड नजरेसमोर नकोसा झाला. 'दगड वाईट, सिमेंट चांगले' असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. ही भीती समजण्यासारखी आहे. ज्याच्या घरातील माणसे गेली, त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. तथापि शास्त्राच्या दृष्टीने हे समीकरण अपुरे आहे.

भारतीय मानक संस्थेने १९९३ मध्येच मातीच्या घरांसाठी आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुडकी येथील प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले होते. त्या तत्त्वांचा सारांश सामान्य माणसालाही कळण्याजोगा आहे. भिंत अवाजवी जाड आणि उंच नसावी. ठराविक अंतरावर आरपार दगड घालावेत. कोपरे सांधावेत. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर असाव्यात. दारांच्या वरच्या पातळीवर घराभोवती अखंड पट्टा फिरवावा, पिंपाला लोखंडी कडे घालावे तसा. छपराचे ओझे कमी करावे. यातील एकही गोष्ट गावच्या गवंड्याच्या आवाक्याबाहेरची नाही.

उलट, सिमेंट-काँक्रीट म्हणजे आपोआप सुरक्षितता, हा समज किती फसवा आहे हे आठच वर्षांनी दिसून आले. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात, केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळशा इमारतींचा तळमजला वाहने ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसते खांब. हिसका बसताच ते खांब मोडले आणि वरचा सारा भार खाली आला. येथे दगड नव्हता, माती नव्हती. चूक मात्र जातीने तीच होती. वर ओझे आणि खाली बांधणीचा अभाव. तात्पर्य, घर टिकते ते साहित्याच्या किमतीवर नव्हे, तर जोडणीच्या ज्ञानावर. आणि हे ज्ञान अभियंत्याच्या कार्यालयातून गवंड्याच्या थापीपर्यंत पोहोचते की नाही, हा प्रश्न अस्मानी नसून सर्वस्वी आपला आहे.

३. नवे गाव : मिळाले काय, हरवले काय?

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने फार मोठी पुनर्वसन योजना हाती घेण्यात आली. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसविण्यात आली. ज्या गावांची हानी तुलनेने कमी होती, तेथील दोन लाखांच्या आसपास घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुती करण्याचे ठरले. म्हणजे एकाच योजनेत दोन वेगळ्या वाटा होत्या. त्यांची तुलना उद्‌बोधक आहे.

पहिली वाट नव्या गावांची. रुंद सरळ रस्ते, काटकोनात कापलेले चौक, एकसारखी घरे. ही घरे जुन्या घरांपेक्षा निश्चितच सुरक्षित होती आणि ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांना छप्पर मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु घरांची मापे जमिनीच्या मालकीवरून ठरली. भूमिहीन आणि अल्पभूधारक यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भूकंपाने काही क्षण सर्वांना एकाच उघड्यावर आणले होते. पुनर्वसनाने त्यांना पुन्हा सातबाऱ्याच्या मापाने वेगळे केले.

त्याहून सूक्ष्म तोटा गावाच्या घडणीचा झाला. जुन्या गावातील वाकडीतिकडी गल्ली नकाशावर गबाळी दिसते, पण तिच्यात ओटा असतो, पार असतो, शेजारणीची हाक ऐकू येईल इतके अंतर असते. दावणीला जनावरे, धान्याची कणगी, सरपणाचा ढीग, उन्हाळ्यात निजायला माळवद, या साऱ्यांची सोय जुन्या घरात होती. शहरी वसाहतीच्या धर्तीवर आखलेल्या नव्या घरात ती नव्हती. तेव्हा लोकांनी आपापल्या परीने घरे वाढविली. कोणी पत्र्याची पडवी काढली, कोणी आणखी खोली चढविली. अभ्यासकांनी नंतर नोंदविले आहे की या वाढीव बांधकामात भूकंपरोधनाचे नियम फारसे पाळले गेले नाहीत. म्हणजे तज्ज्ञांनी दिलेले सुरक्षित घर राहणाऱ्याला पुरले नाही, म्हणून त्याने त्याला असुरक्षित जोड दिली. ज्या घरात माणसाचे जगणे मावत नाही, ते घर कागदावर कितीही भक्कम असले तरी फार काळ सुरक्षित राहू शकत नाही.

दुसरी वाट दुरुस्तीची. ती दिसायला साधी, पण तिच्यात शिक्षण होते. भिंतीत आरपार भोक पाडून त्यात आकडा केलेली सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन पदर सांधले जातात. माळवदावरची जादा माती उतरवायची. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके आधार ठोकायचे. हे काम घरमालकाने गवंड्याला लावून स्वतः करवून घ्यायचे होते. त्यामुळे त्याला ते का करायचे, हे कळणे आवश्यक होते. येथे गावोगावच्या महिलांनी मोठी कामगिरी बजावली. 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्या शासन आणि घरमालक यांच्यातील दुवा बनल्या. सळई कोठे लावायची, हप्ता केव्हा मिळतो, गवंडी चुकला तर काय विचारायचे, हे त्यांनी दारोदार जाऊन सांगितले. जिला घराबाहेरच्या व्यवहारात कोणी विचारीत नसे, ती आता भिंतीच्या जोडणीवर बोलू लागली.

हेच ज्ञान पुढे प्रवासाला निघाले. २००१ साली कच्छ उद्ध्वस्त झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या काही महिला तेथील बायकांना भेटायला गेल्या. भूकंपानंतर काय मागावे, काय स्वीकारू नये आणि घर बांधताना कशावर लक्ष ठेवावे, हे एका पोळलेल्या गावाने दुसऱ्या गावाला सांगितले. आपणही आता त्यांच्यामागून कच्छकडे वळू.

४. गल्लीची रुंदी

कच्छचा भूकंप सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला. परिमाण ७.७. दिवस प्रजासत्ताकदिनाचा. अंजार गावात शाळेची मुले हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीने जुन्या वस्तीतील अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. पावणेदोनशेहून अधिक मुले आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक तेथेच गाडले गेले. ही मुले घरात नव्हती, उघड्यावर होती. भूकंपात घराबाहेर पळावे असे आपण सर्वांना सांगतो. पण बाहेर म्हणजे कोठे? गल्लीची रुंदी जर भिंतीच्या उंचीपेक्षा कमी असेल, तर त्या गल्लीला बाहेर म्हणता येईल काय?

येथे प्रश्न एका घराचा राहत नाही, तो गावाच्या रचनेचा होतो. भूज शहराच्या कोटाच्या आतील वस्तीची स्थिती अशीच होती. दाटीची घरे, बोळवजा रस्ते, ढिगाऱ्याने ते रस्ते बुजले तेव्हा मदत आत जाऊ शकली नाही. शहर पुन्हा बांधताना रस्ते रुंद करावयाचे, चौक आणि मोकळ्या जागा ठेवावयाच्या, हे ठरले. परंतु रस्त्याला जागा लागते आणि ती जागा कोणाच्या तरी घराची असते. आपल्या देशातील नगररचना नेहमी या ठिकाणी अडते.

भूजमध्ये यावर नगररचना योजनेचा उपाय योजला गेला. ही पद्धत आपल्याला परकी नाही. तिचे मूळ जुन्या मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात आहे. तीत सर्व भूखंड एकत्र करून प्रत्येकाच्या जागेतून थोडा वाटा रस्त्यांसाठी आणि सार्वजनिक उपयोगासाठी घेतात व उरलेले भूखंड नव्याने आखून मूळ मालकांना परत देतात. कोणाला हुसकावून लावले जात नाही; सर्वजण थोडे थोडे सोडतात. भूजमध्ये एक न्यायाचे तत्त्व त्यात घातले गेले. सर्वांत लहान, म्हणजे तीस चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडातून काहीच घ्यायचे नाही. भूखंड जसजसा मोठा, तसतसा कपातीचा वाटा मोठा. ही योजना भांडणाशिवाय पार पडली असे नाही. पण जुन्या शहरातून रुंद रस्ते निघाले आणि बहुसंख्य लोक आपल्याच शहरात, आपल्याच शेजारात राहू शकले.

किल्लारीच्या नव्या गावांशी याची तुलना केली तर एक गोष्ट ध्यानात येते. तेथे रुंद रस्ते मिळाले, पण गाव बदलून. येथे रुंद रस्ते मिळाले ते गाव राखून. सुरक्षिततेसाठी जुने सारे पुसावेच लागते, असे नाही. वाटून सोडण्याची तयारी आणि ती वाटणी न्यायाची आहे असा विश्वास, ह्या दोन गोष्टी असल्या तर जुन्या वस्तीतही मोकळा श्वास घेता येतो.

५. पाण्याची वाट

भूकंप अचानक येतो, तेव्हा त्याच्या बाबतीत गाफीलपणा क्षम्य वाटतो. पावसाचे तसे नाही. मुंबईत दर वर्षी जूनमध्ये पाऊस येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरीही २६ जुलै २००५ रोजी या महानगराची जी अवस्था झाली, ती पाहता महानगराचा हिशेब घराच्या आणि गावाच्या हिशेबापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे, हे पटते.

त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्याला पडलेला पाऊस शंभर मिलिमीटरही नव्हता. एवढा पाऊस निर्विवाद अस्मानी. कोणतेही शहर त्याने थोडेफार बुडालेच असते. पण आता खाली पाहू. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने केलेली, तीही समुद्राला ओहोटी असताना. भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ पाहते, आणि त्या दुपारी नेमकी मोठी भरती होती. मिठी नदी विहार-पवईकडून माहीमच्या खाडीपर्यंत जाते. तिच्या काठी झोपड्या, कारखाने आणि भराव आले. विमानतळाच्या धावपट्टीपाशी तिला वळणे देण्यात आली. तिच्या मुखाजवळच्या पाणथळ भागात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. नदीला आपण नाला म्हणू लागलो आणि नाल्याप्रमाणे वागवू लागलो. पाण्याने मात्र आपली जुनी वाट विसरली नव्हती.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा धोका कोणाला ठाऊकच नव्हता असे नाही. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता दुप्पट करावी, अशी शिफारस करणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ साली तयार झाला होता. किल्लारीचे जे वर्ष, तेच या अहवालाचे. पुढील बारा वर्षांत त्यातील फारच थोडे काम झाले. २६ जुलैनंतर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली आणि तिनेही नदीची रुंदी, खोली, काठांवरील अतिक्रमणे यांचा सविस्तर विचार केला. राज्यभरात त्या पावसाने हजारांहून अधिक बळी घेतले. साकीनाक्याला डोंगराची कड झोपड्यांवर कोसळून अनेक कुटुंबे दबली. डोंगराच्या कडेला घर बांधणारा माणूस हौसेने तेथे जात नाही. सुरक्षित जमीन त्याला परवडत नाही, म्हणून जातो. तेव्हा शहराची सुरक्षितता हा केवळ स्थापत्याचा प्रश्न नाही. गरिबाला राहायला जागा कोठे मिळते, हाही तिचाच भाग आहे.

६. नकाशा आणि स्मृती

आतापर्यंतच्या विवेचनातून एक समान धागा दिसून येईल. प्रत्येक ठिकाणी सूचना मिळालेली होती. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये लहान धक्के जाणवले होते. अंजारला १९५६ साली भूकंपाने शंभरावर बळी घेतले होते. मुंबईचा अहवाल लिहून तयार होता. मग सूचना असूनही ती ऐकू का आली नाही?

याचे एक कारण आपल्या नकाशांत आहे. दख्खनचे पठार स्थिर आहे, असे पूर्वी मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली आणि या समजाला पहिला तडा गेला. १९७० च्या सुधारित नकाशात कोयना परिसर अधिक धोक्याच्या पट्ट्यात घालण्यात आला. पण कोयना सुधारली, किल्लारी तशीच राहिली. १९९३ मध्ये तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो सर्वांत खालचा पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. म्हणजे नकाशा भूकंपाच्या पुढे चालण्याऐवजी भूकंपामागून चालत आला. ज्ञान वाढले की नकाशा बदलणार, हे शास्त्राचे वैगुण्य नव्हे. पण आपला भाग 'सुरक्षित' रंगात आहे म्हणून निश्चिंत राहणे, हे मात्र आपले वैगुण्य.

दुसरे कारण स्मृतीचे. मोठा भूकंप वा महापूर एका ठिकाणी अनेक दशकांनी येतो. तोवर ज्यांनी तो पाहिला ते म्हातारे होतात, त्यांच्या गोष्टी कोणी ऐकत नाही, आणि नवी पिढी नदीच्या पात्रात पाया खणते. ही विस्मृती टाळण्याचा एक साधा उपाय जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील आनेयोशी या वस्तीने केला. १९३३ च्या त्सुनामीनंतर गावकऱ्यांनी डोंगरउतारावर एक दगड रोवला आणि त्यावर, या खुणेच्या खाली घर बांधू नये, अशा अर्थाचा मजकूर कोरला. लोकांनी तो पाळला. ११ मार्च २०११ रोजी आलेली प्रचंड लाट त्या दगडाच्या खालीच थांबली. वरची घरे वाचली. त्या दगडात ना सिमेंट होते ना सळई. त्यात केवळ आठवण होती, आणि ती मानण्याची शिस्त होती.

उपसंहार

अस्मानी आणि सुलतानी यांची जुनी वाटणी आपण येथवर तपासली. तीवरून असे म्हणता येईल की धक्का, पाऊस आणि लाट ही अस्मानी. परंतु त्यांचे रूपांतर मृत्यूत होते ते बहुतांशी सुलतानीमुळे. या सुलतानीत आता कोणी एक सुलतान नाही. आरपार दगड टाकण्याचा कंटाळा करणारा गवंडी, पट्ट्याचा खर्च वाचविणारा मालक, अहवाल कपाटात ठेवणारे कार्यालय, नाल्यावर भराव टाकणारा बिल्डर आणि हे सारे पाहून गप्प बसणारा नागरिक, असे सर्वजण तिचे भागीदार आहेत.

म्हणूनच टिकाऊ गाव बांधण्याचे काम केवळ अभियंत्यांवर सोपविता येत नाही. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. सळईचे गणित आपल्या अभ्यासक्रमात नाही. परंतु स्मृती जपणे हे काम नेमके आपल्याच विषयांचे आहे. भूगोलाचा विद्यार्थी आपल्या गावाच्या ओढ्यांचा, उतारांचा आणि मोकळ्या जागांचा नकाशा काढू शकतो. इतिहासाचा विद्यार्थी, पूर कोणत्या साली कोणत्या पायरीपर्यंत आला होता, हे वृद्धांना विचारून लिहून ठेवू शकतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला, धोक्याच्या जागी कोणाची घरे आहेत आणि तीच माणसे तेथे का आहेत, हे मांडता येईल. आणि भाषेच्या विद्यार्थ्याने मानकांतील क्लिष्ट मजकूर गवंड्याला समजेल अशा मराठीत उतरविला, तर ती भाषेची लहान सेवा ठरणार नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर निदान एवढे तरी करावे. आपल्या घराच्या छपरावर किती ओझे आहे, भिंतीचे कोपरे सांधलेले आहेत काय, घरातून बाहेर पडल्यावर उभे राहण्यास मोकळी जागा किती पावलांवर आहे, आणि अंगणातले पाणी कोणत्या वाटेने जाते, हे चार प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारून पाहावेत. उत्तरे मिळाली तर उत्तमच. न मिळाली, तर आपल्या घरातील सुलतानी कोठे दडून बसली आहे, ते समजेल. आभाळ आपल्या हाती नाही. ही चार उत्तरे आहेत.